कंबर, खुर्ची आणि उठण्याचे निमित्त

लातूरमध्ये कर सल्लागाराच्या कार्यालयाचा महिना तारखांनी बांधलेला असतो. अकरा तारखेपर्यंत जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र जीएसटीआर-१, वीस तारखेपर्यंत करभरणा दाखवणारे जीएसटीआर-३बी, मध्येच कोणा व्यापाऱ्याला आलेल्या नोटिशीचे उत्तर आणि जुलै लागला की आयकर विवरणपत्रांची गर्दी. अठरा-एकोणीस तारखेला रात्री उशिरापर्यंत कोणी खुर्ची सोडत नाही आणि एकवीस तारखेला सकाळी एकाची कंबर धरलेली असते, दुसरीच्या मानेत उसण भरलेली असते, तर तिसरा औषधाच्या दुकानातून कंबरपट्टा आणून शर्टावरून बांधून आलेला असतो. बँक, तहसील, पतसंस्था, सेवा केंद्र, जिथे म्हणून माणसे दिवसभर संगणकापुढे बसतात तिथे हीच तक्रार ऐकू येते आणि ‘बसून काम करणाऱ्याला हे चालायचेच’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. मला हे मान्य नाही. बैठ्या कामातून येणारी कंबरदुखी बऱ्याच अंशी टाळता येते, आणि त्यासाठी महागड्या खुर्चीची वाट पाहत बसण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

ही तक्रार संगणकासोबत आलेली नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ साली कारकून आणि लेखनिकांच्या दुखण्यांबद्दल लिहिताना तीन कारणे सांगितली होती: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशेहून अधिक वर्षे उलटली, बोरूची जागा कीबोर्डने घेतली, तरी वीस तारखेच्या आदल्या रात्रीचे आमचे कार्यालय या तीन कारणांत नेमके बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांमध्ये तिचा क्रमांक पहिला आहे. त्यातल्या सुमारे नव्वद टक्के लोकांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा इजा दाखवता येत नाही. म्हणजेच बहुतेक वेळा हाड मोडलेले नसते की काही निखळलेले नसते. वापराच्या पद्धतीने आणि न वापरण्याने शरीर तक्रार करू लागलेले असते.

‘न वापरण्याने’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. आपल्या पाठीत २४ सुटे मणके असतात आणि त्यांच्यामध्ये गादीसारख्या २३ चकत्या (डिस्क). प्रौढ वयात या चकत्यांच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. त्यांना लागणारे पोषण शेजारच्या मणक्यांमधून हळूहळू झिरपत येते आणि दाब पडणे, दाब सुटणे या आलटूनपालटून चालणाऱ्या क्रियेने द्रवाची ही ये-जा चांगली राहते. रात्री आडवे पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. (फुगलेल्या चकत्यांवर वाकताना जास्त ताण येतो, म्हणूनच ज्यांची कंबर एकदा दुखून गेली आहे त्यांनी अंथरुणातून उठल्या उठल्या ओणवे होऊन झाडणे, बादली उचलणे किंवा पुढे वाकण्याचे व्यायाम करणे टाळावे, तासाभराने ते केलेले बरे.) चार तास एकाच अवस्थेत बसलेल्या माणसाच्या चकत्यांना ही ये-जा मिळत नाही, त्याचे पाठीचे स्नायू एकाच ताणात धरलेले राहतात आणि नितंबांचे व पोटाचे स्नायू काम नसल्यामुळे सुस्त होतात.

मग ताठ बसावे का? लहानपणापासून आपल्याला हेच सांगितले गेले आहे आणि अजूनही अनेक जण संपूर्ण दिवस छाती काढून बसण्याचा आटापिटा करतात. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून आतला दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसल्यावर तो वाढतो, पुढे वाकून बसल्यास आणखी वाढतो, असे दाखवले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवला, तेव्हा उभे राहणे आणि बसणे यांतला फरक फारसा आढळला नाही. खुर्चीला पाठ टेकून सैल बसल्यावर तर दाब बराच कमी निघाला. एकाच माणसावरची ही मोजणी आहे, हे लक्षात ठेवूनही तिचा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो: चकतीला एखादी आदर्श अवस्था लागत नाही, तिला अवस्था बदलत राहणे लागते. ताठ बसणेही चार तास तसेच ठेवले तर ते त्रासदायकच ठरते.

लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानांतून आयुष्य काढलेल्या एका वयस्क मुनीमकाकांना मी एकदा विचारले होते, की गादीवर मांडी घालून, उतरत्या झाकणाच्या पेटीवर वह्या लिहिताना कंबर दुखत नव्हती का. ते म्हणाले, “ताई, एका जागी बसायला येळ कुठं होता? सौदा निघाला की उठायचं, काट्यावर जायचं, हमालाला हाक मारायची, पोती मोजून घ्यायची, मग येऊन पट्टी लिहायची. पट्टी लिहिली की शेतकऱ्याला पैसे मोजायला गल्ल्यापाशी.” एका माणसाच्या सांगण्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि गादीवर बसणाऱ्या कित्येकांचे गुडघे नि कंबर दुखत असत हेही खरे आहे. पण त्यांच्या बोलण्यात मला आजच्या कंबरदुखीचे मूळ दिसते. त्यांच्या कामातच उठण्याची कारणे होती. आज तोच हिशेब संगणकावर टॅलीमध्ये होतो, वजनाची पावती व्हॉट्सॲपवर येते, पैसे ऑनलाइन जातात, बँकेत जावे लागत नाही, शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्यालाही आपण निरोप टंकून पाठवतो. प्रत्येक सोयीने आपल्याकडून उठण्याचे एक निमित्त काढून घेतले. ही निमित्ते कामात परत आणणे हा कंबरदुखी टाळण्याचा पहिला उपाय आहे, खुर्ची हा त्यानंतरचा.

हे परत आणणे केवळ निश्चयावर सोडू नये, कारण कामाच्या भरात निश्चय आठवत नाही. कार्यालयाची मांडणीच अशी करावी की उठावे लागेल. आमच्याकडे पाण्याच्या मोठ्या बाटल्या टेबलांवर असत. त्या काढून दाराजवळ तिवईवर माठ ठेवला आणि टेबलावर फक्त पेला राहू दिला. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांच्या उष्म्यात माणूस वरचेवर पाणी पितोच, आणि प्रत्येक पेल्यामागे आठ-दहा पावले जाणे आणि तितकीच येणे होते. प्रिंटर सर्वांच्या हाताशी होता, तो भिंतीलगत नेला. फोन आला की उभे राहून बोलायचे, हा नियम केला. व्यापाऱ्यांचे फोन दिवसभर येतच असल्यामुळे एवढ्या एका नियमाने उभे राहण्याचा बराच वेळ भरून निघतो. एका व्यापाऱ्याचे विवरण भरून झाले की दुसऱ्याची फाइल कपाटातून स्वतः जाऊन आणायची. सगळ्या फाइली सकाळीच टेबलावर रचून ठेवायच्या नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातील ॲलन हेज यांनी अर्ध्या तासाचे एक सोपे गणित सुचवले आहे: २० मिनिटे बसावे, ८ मिनिटे उभे राहावे, २ मिनिटे हिंडावे. लहान कार्यालयात उभे राहून काम करण्याचे टेबल नसते, त्यामुळे हे गणित शब्दशः पाळता येणार नाही. पण अर्धा-पाऊण तास उलटण्याआधी उठायचे, एवढा त्याचा गाभा कोणालाही पाळता येतो. उठल्यावर कमरेवर दोन्ही हात ठेवून, गुडघे न वाकवता, जमेल तेवढे हळूच मागे झुकायचे आणि परत यायचे. असे पाच-सहा वेळा केले की पुढे वाकून अवघडलेल्या पाठीला तेवढ्यापुरती मोकळीक मिळते.

आता खुर्चीकडे आणि टेबलाकडे वळते. आपल्याकडची बहुतेक टेबले सुमारे ३० इंच उंचीची असतात आणि ती कागदावर लिहिण्यासाठी बनलेली आहेत. त्यावर कीबोर्ड ठेवला की मध्यम उंचीच्या माणसाचे खांदे वर उचलले जातात. खांदे खाली यावेत म्हणून खुर्ची उंच करावी, तर पाय लोंबकळतात आणि सीटची कड मांडीखाली रुतू लागते. कार्यालयात काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची हीच अडचण असते आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाय अधांतरी राहिले की माणूस टेकण्यासाठी सीटच्या पुढच्या कडेवर सरकतो, पाठ टेकणीपासून सुटते आणि ओटीपोटाचे हाड मागे कलंडून कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. मांडी आणि धड यांचा कोन कमी होत गेला की कमरेचा बाक कसा नाहीसा होतो, हे अमेरिकेतील जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्येच क्ष-किरण चित्रांवरून दाखवले होते. यावर आमच्याकडे सापडलेला उपाय म्हणजे पंगतीतला पाट. जेवायला बसण्याचा जुना लाकडी पाट पायांखाली घ्यायचा. एक पुरत नसेल तर दोन, एकावर एक नीट बसतील असे. खुर्ची कोपराच्या उंचीला जुळवायची आणि उरलेले अंतर पाटाने भरून काढायचे. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे नितंबांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवेत आणि सीटची कड व गुडघ्यामागची लवण यांत दोन-तीन बोटांची जागा मोकळी राहिली पाहिजे.

खुर्ची प्लास्टिकची किंवा लोखंडी नळीची असली तरी निराश होण्याचे कारण नाही. एक जाड टॉवेल घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधावा आणि पॅन्टच्या पट्ट्याच्या किंचित वर, कमरेच्या खळग्यात येईल असा टेकणीला अडकवावा. आपल्याकडे साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल पसरण्याची पद्धत आहेच. तोच टॉवेल गुंडाळून खाली सरकवला तर कमरेला आधार मिळतो. पुरुषांनी मागच्या खिशातले पाकीट बसताना काढून ठेवावे. फुगलेल्या पाकिटावर तासन्‌तास बसल्याने एक नितंब वर राहतो आणि तिथून जाणाऱ्या शिरेवर दाब येऊन पायात मुंग्या येऊ शकतात.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतके असावे. यासाठी आम्ही जुन्या खतावण्या वापरतो. कायद्याने जपून ठेवण्याची मुदत केव्हाच संपलेल्या, कापडी बांधणीच्या दोन-तीन जाड वह्या मॉनिटरखाली ठेवल्या की उंची बरोबर येते. लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. त्याचा पडदा आणि कळा एकत्र असल्यामुळे एक जुळवले की दुसरे बिघडते. दिवसभर लॅपटॉपवर काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्यावाच. हजार रुपयांच्या आसपास दोन्ही मिळतात. हिशेबाच्या कामात आणखी एक अडचण असते जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही: पावत्यांचा गठ्ठा डाव्या हाताला टेबलावर आडवा पडलेला असतो आणि उजवा हात आकड्यांच्या कळांवर असतो. एका नोंदीला एकदा मान खाली डावीकडे जाते आणि वर येते, असे दिवसभरात शेकडो वेळा होते, त्यात धडही हळूहळू पिळले जाते. पोथी वाचताना समोर ठेवतात तसे लाकडी घडीचे स्टँड पडद्याशेजारी ठेवून त्यावर पावत्या लावल्या की हे पिळणे थांबते.

धड पिळले जाण्याचे दुसरे कारण कूलर आहे. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीत कूलर बसतो आणि प्रत्येक जण नकळत त्याच्या दिशेने खुर्ची फिरवतो. पाय वाऱ्याकडे, हात कीबोर्डकडे आणि मान पडद्याकडे अशी तीन दिशांना ओढलेली बैठक दोन महिने चालते. अशा वेळी टेबलच फिरवून घ्यावे. वायर पुरत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड आणावा, पण शरीराला वायरीच्या लांबीप्रमाणे वळवू नये. टेबलाखाली जुन्या दप्तरांचे गठ्ठे आणि सीपीयू कोंबलेले असतील तर तेही आधी हलवावेत, कारण पाय लांब करायला जागा नसेल तर बाकीची मांडणी व्यर्थ ठरते.

एवढे करूनही मी असे म्हणेन की मांडणीने त्रास कमी होतो, पण पाठ मजबूत होते ती व्यायामानेच. डॅनियल स्टेफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २१ चाचण्यांचा, म्हणजे ३०,८५० लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम आणि त्याबरोबर पाठीविषयीची माहिती मिळालेल्या लोकांमध्ये कंबरदुखी होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसली, तर कंबरपट्टा आणि बुटातल्या गाद्या यांचा प्रतिबंधासाठी उपयोग दिसला नाही. दुखू नये म्हणून पट्टा बांधून बसणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. चालण्याबद्दलचा पुरावा तर त्याहून ताजा आहे. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाने ७०१ लोकांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सर्व जण नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले होते. त्यांतल्या ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत नेण्यास सांगितले होते, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचे दुखणे परत येण्यास २०८ दिवस लागले. इतरांमध्ये तेच ११२ दिवस होते. चालायला ना साहित्य लागते ना शुल्क. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत आणि इतर वेळी संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर चालणे सोयीचे पडते. जो रस्ता आपण सवयीने दुचाकीवर जातो, त्यातला एक तरी पायी करावा, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणे हेही बसणेच असते आणि त्यात हादरे अधिक.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस पाठ आणि नितंबांच्या स्नायूंसाठी दहा मिनिटे पुरतात. उताणे झोपून, गुडघे वाकवून, तळवे जमिनीला टेकवून कंबर सावकाश उचलायची. वर गेल्यावर मांड्या आणि धड एका रेषेत आले की पाच श्वास थांबायचे आणि खाली यायचे. नितंब आवळले जात असल्याचे जाणवले पाहिजे. ताण फक्त कमरेत येत असेल तर कंबर गरजेपेक्षा जास्त उचलली गेली आहे असे समजावे. नंतर हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे असा लांब करायचा, पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडणार नाही इतके स्थिर राहायचे, मग बाजू बदलायची. पालथे झोपून भुजंगासन केल्यास दिवसभर पुढे वाकलेली पाठ उलट दिशेने मोकळी होते. कोणताही व्यायाम करताना कळ कमरेतून पायात उतरू लागली तर तो तिथेच थांबवावा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

लातूरला शिकायला आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी लिहिणे मला गरजेचे वाटते. अभ्यासिकांमध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची आणि स्पर्धा परीक्षांची मुले दहा-दहा, बारा-बारा तास बसतात. तिथे टेबलाची जागा अरुंद असते, पुस्तक सपाट ठेवलेले असते आणि उठले की वेळ वाया गेला अशी भावना असते. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी कंबर धरून बसणारी मुले पाहिली की जीव तुटतो. पुस्तक तिरपे ठेवण्यासाठी मागे दोन वह्या लावाव्यात, पाठांतराचा भाग उभे राहून किंवा गॅलरीत चालत करावा आणि जागेवर जेवणे टाळावे. खोलीवर गेल्यावर पलंगावर भिंतीला मान टेकून मोबाईल पाहत पडणे हे दिवसभराच्या बैठकीत आणखी भर घालते. पालकांनी खोली बघताना भाड्याबरोबर टेबल-खुर्चीची उंचीही बघावी.

काळजी घेऊनही कधी कंबर धरलीच, तर आठवडाभर अंथरुणाला खिळून राहू नये. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत, दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. स्वतःच्या मनाने एमआरआय काढायला धावण्याचीही गरज नसते. कसलीही कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या चित्रांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्येही झीज दिसली होती. अहवालातली ‘झीज’ वाचून घाबरून हालचाल बंद करणारा माणूस स्वतःचे जास्त नुकसान करून घेतो.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही घरगुती उपायांत घालवू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पाय उचलता न येणे, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. पडल्यावर सुरू झालेले, रात्री झोपेतून उठवणारे किंवा कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचे दुखणेही डॉक्टरांना लगेच दाखवावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि तो सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच वाटतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळी बारीक ताप येत असेल, भूक मंदावून वजन उतरत असेल, तर खुर्चीला दोष देत थांबू नये. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.